शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने मला या व्यासपीठावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकार दिला. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेला, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत उभी हयात घालविलेला एक साधा मास्तर. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे आणि वैद्यकशास्त्र तर मुळीच नव्हे. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, विषय तुमच्या अनुभवाचा घ्या." अनुभवाचा विषय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जो विषय आला, तो काहीसा विचित्र वाटेल. लहान मुलाची शस्त्रक्रिया ठरली म्हणजे त्याला आदल्या रात्रीपासून काय खाऊ घालावे, काय पाजावे, आणि केव्हा थांबावे, एवढाच तो विषय आहे. विषय लहान आहे, पण त्यात आमच्या घराण्याने दोनदा चूक केली. एकदा चूक वडीलधाऱ्या मायेची होती. दुसऱ्यांदा ती माझ्या स्वतःच्या शिस्तीची होती. या दोन्ही चुका आज आपणांपुढे मांडाव्यात आणि त्यांतून मला जे उमगले ते सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या सातारा-सांगली भागाला शस्त्रक्रिया नवीन नाही. डॉ. विल्यम जेम्स वान्लेस हे १८८९ साली हिंदुस्थानात आले, प्रथम सांगलीस त्यांनी दवाखाना चालविला आणि १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले. पुढे त्यांच्या कार्याचा लौकिक इतका वाढला की १९२८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९६२ साली मिरजेतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आमच्या लहानपणी घरात कोणाला मोठे दुखणे झाले की वडीलधारी माणसे एकच वाक्य बोलत, "आता मिरजेस न्यावे लागेल." शस्त्रक्रियेवरचा आपल्या लोकांचा विश्वास असा तीन-चार पिढ्यांचा आहे. परंतु त्या विश्वासाबरोबर जे ज्ञान घरोघरी पोहोचावयास हवे होते, ते मात्र पुरते पोहोचले नाही. पोटावर सुरी चालविणाऱ्या डॉक्टरचे नाव आपण विचारतो. भूल देणारा डॉक्टर कोण, त्याचे म्हणणे काय, हे आपण क्वचितच विचारतो.

पहिली हकिकत १९६८ सालची. मी त्या वेळी नऊ वर्षांचा होतो आणि माझी धाकटी बहीण पाच वर्षांची. तिच्या घशातील गाठी वारंवार सुजत, ताप येई. शेवटी वडिलांनी तिला मिरजेच्या एका रुग्णालयात नेले. आमची आजी सोबत होती, आणि हट्ट करून मीही गेलो होतो. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते की, रात्रीनंतर मुलीच्या पोटात काही जाता कामा नये. सकाळी मुलगी भुकेने रडू लागली. आजीचे काळीज ते! साताऱ्याहून येताना तिने कंदी पेढ्यांची पुडी आणली होती. वडील कागदपत्रे करावयास गेले असता आजीने पदराआड पेढा मोडला आणि नातीच्या तोंडात घातला. वर मला म्हणाली, "कोणाला बोलू नकोस. देवाचा प्रसाद आहे, त्याने काही होत नसते."

मी बोललो नाही. भूल देण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारले, "काही खाल्ले का?" आजी म्हणाली, "पाण्याचा थेंबसुद्धा नाही." त्या काळी तोंडावर जाळी ठेवून तीवर ईथरचे थेंब सोडीत. पुढे आत काय घडले ते आम्हांला नंतर समजले. भूल चढत असता मुलीला वांती झाली, ती श्वासमार्गात गेली, आणि मुलगी काळीनिळी पडली. डॉक्टरांनी तिला आडवी-पालथी करून, घसा साफ करून वाचविले. शस्त्रक्रिया राहिलीच, उलट फुप्फुसाला सूज येऊन ती कित्येक दिवस तापाने फणफणत होती. ती वाचली, आज नातवंडांत रमली आहे, ही ईश्वराची कृपा. परंतु आजीने त्यानंतर पेढ्याला कधी हात लावला नाही, आणि मी आयुष्यभर एक गोष्ट मनाशी बांधून ठेवली: डॉक्टरांनी 'नको' म्हटले की नको.

हीच बांधलेली गाठ पुढे माझ्या दुसऱ्या चुकीचे कारण झाली. परंतु ती सांगण्यापूर्वी, हा उपवास मुळात कशासाठी असतो ते पाहू.

आपण जागे असतो तेव्हा घशात एक दक्ष द्वारपाल असतो. अन्न किंवा पाणी चुकीच्या वाटेने जाऊ लागले की ठसका लागतो आणि श्वासनलिकेचे दार मिटते. भूल दिल्यावर हा द्वारपालही झोपी जातो. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूही सैल पडतो. अशा वेळी जठरात अन्न असेल तर ते उलट वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. घन तुकडा असेल तर श्वास कोंडतो. जठरातील आम्लरस असेल तर फुप्फुस आतून भाजल्यासारखे होते. म्हणून भूल देण्याच्या वेळी जठर रिकामे असावे, एवढाच या उपवासाचा हेतू आहे.

हे भय अगदी आरंभापासूनचे आहे. १८४६ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील बोस्टन शहरी मॉर्टन यांनी ईथरची भूल लोकांसमोर देऊन दाखविली. पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. आणि १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी, पायाचे नख काढण्यासारख्या किरकोळ कामासाठी क्लोरोफॉर्म घेत असता दगावली. ती निपचित पडल्यावर शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या तोंडात पाणी व ब्रँडी घालण्यात आली होती. औषधाने हृदय थांबले की घशात ओतलेल्या द्रवाने श्वास कोंडला, यावर त्या काळच्या थोर डॉक्टरांत वाद झाला.

पुढे १८८३ साली जोसेफ लिस्टर या विख्यात शल्यविशारदाने एक शहाणपणाची गोष्ट लिहून ठेवली. भूल देण्याच्या वेळी जठरात घन अन्न नसावे, पण दोनएक तास आधी चहासारखे पातळ पेय दिल्यास ते हितकरच ठरते, असे त्याचे मत होते. पाहा, घन आणि पातळ यांतला भेद सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच सांगितला गेला होता! पण पुढे तो भेद पुसला गेला. १९४६ साली न्यूयॉर्कच्या मेंडेलसन या डॉक्टरांनी ४४,०१६ बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ६६ जणींच्या फुप्फुसात जठरातील द्रव्य गेले होते व दोघी दगावल्या होत्या. त्या दोघींच्या बाबतीत कारण होते घन अन्नाने कोंडलेला श्वास. तथापि या अभ्यासानंतर जगभर सरसकट एकच हुकूम रूढ झाला: मध्यरात्रीनंतर तोंडात काही नाही. अन्न नाही आणि पाणीही नाही. नियम सोपा होता, परिचारिकेला सांगण्यास सोपा, नातेवाइकांना पाळण्यास सोपा. आणि सोपा नियम शास्त्राने बदलला तरी लोकांच्या डोक्यातून सहजी जात नाही.

आता दुसरी हकिकत सांगतो. २०२३ साली माझ्या नातवाची हर्नियाची, म्हणजे आपण ज्याला अंतर्गळ म्हणतो त्याची, शस्त्रक्रिया सांगलीच्या एका रुग्णालयात ठरली. पोर चार वर्षांचे, वजन चौदा किलो. शस्त्रक्रिया सकाळी नऊ वाजता होणार होती. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतः समजावून एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी मी घेतली, पहिली ओळ वाचली, "जेवण, दूध, बिस्किट रात्री १२ पर्यंत", आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. घरी आल्यावर जाहीर केले, "बारानंतर काही नाही." मुलगा नऊ वाजता जेवला, साडेनऊला पाणी पिऊन झोपला.

पहाटे साडेपाचला तो उठला आणि पाणी मागू लागला. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "आजोबा, एकच घोट." मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, पाण्याबद्दल एकदा सिस्टरांना विचारून पाहू का?" मी तिला गप्प केले. म्हणालो, "तुम्ही पाहिले नाही, मी पाहिले आहे. माझी बहीण मरतामरता वाचली." त्यावर कोण काय बोलणार? सासऱ्याच्या शब्दापुढे ती पोर गप्प बसली, आणि माझा मुलगाही गप्प बसला.

नऊ वाजले, तेवढ्यात अपघातातील एक रुग्ण आला आणि आमची पाळी लांबली. असे प्रत्येक रुग्णालयात घडते, घडणारच; मरणाच्या दारातील माणूस आधी घ्यावाच लागतो. दहा झाले, बारा झाले. मुलगा प्रथम रडला, मग रडावयाचा थांबला. जीभ कोरडी, ओठ सुकलेले. मी त्याला गोष्टी सांगत होतो. त्याचा डोळा भिंतीशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवरून हलत नव्हता. दीड वाजता त्याला आत नेले. भूलतज्ज्ञांनी विचारले, "सकाळी पाणी किती वाजता दिले?" मी अभिमानाने म्हणालो, "रात्री साडेनऊनंतर थेंबही नाही." डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, "गुरुजी, चिठ्ठी वाचली नाही का?" मी खिशातून चिठ्ठी काढली. दुसरी ओळ स्पष्ट अक्षरांत होती: "साधे पाणी सकाळी ७ पर्यंत द्यावे." खाली तिसरी ओळ: "उशीर झाल्यास पाण्याविषयी आम्हांला विचारावे."

छत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की, प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा.

मुलाची शीर सापडेना. पाणी कमी झाले की शिरा आकसतात, हे मला तेव्हा समजले. तीन वेळा सुई टोचावी लागली. सलाइन देऊन डॉक्टरांनी सर्व नीट पार पाडले. मुलगा सुखरूप आहे. परंतु त्या दिवशी संध्याकाळी मी सूनबाईपाशी गेलो आणि म्हणालो, "मुली, तुझे बरोबर होते. मी विचारावयास हवे होते." आयुष्यात मी सुनेची क्षमा मागितलेली ती पहिलीच वेळ.

घरी आल्यावर मी पाटीवर गणित मांडले. १९५७ साली हॉलिडे आणि सेगर या अमेरिकन डॉक्टरांनी मुलांच्या वजनावरून पाण्याची गरज काढण्याची रीत सांगितली. तीवरून आलेला ताशी हिशेब असा: पहिल्या दहा किलोंना किलोमागे ४ मिलिलिटर, त्यापुढील दहा किलोंना किलोमागे २ मिलिलिटर. माझा नातू चौदा किलोंचा. पहिल्या दहांचे ४०, उरलेल्या चारांचे ८, एकूण ताशी ४८ मिलिलिटर. साडेनऊ ते दीड म्हणजे सोळा तास. सोळा गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे ७६८ मिलिलिटर. पाऊण लिटरहून अधिक पाणी त्या चिमुकल्या देहाला लागत होते, आणि मी त्याला घोटभरही दिले नाही. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा बराच असतो. लहान मुलाचा साठा लवकर संपतो. जितके मूल लहान, तितका लांबलेला उपवास त्याला अधिक बाधतो. तान्ह्या बाळाच्या रक्तातील साखर उतरू शकते, आणि पाणी कमी असलेल्या मुलाचा रक्तदाब भूल देताच खाली येऊ शकतो.

आणि एवढे सोसून जठर अधिक रिकामे होते काय? तर नाही. साधे पाणी जठरात थांबत नाही; पंधरा-वीस मिनिटांत निम्मे पुढे सरकते आणि तासाभरात बहुतेक सर्व निघून जाते. जठर स्वतःचा आम्लरस तर उपाशीपोटीही तयार करीतच असते. म्हणून पहाटेचे पाणी तोडल्याने धोका घटत नाही, केवळ तहान वाढते.

यावर जगात पुष्कळ संशोधन झाले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पंचवीस चाचण्यांतील अडीच हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र पाहिली गेली. दोन तास आधीपर्यंत पाणी दिलेल्या मुलांचे जठर उपाशी ठेवलेल्या मुलांपेक्षा अधिक भरलेले आढळले नाही, उलट ती मुले कमी तहानलेली व कमी किरकिरी होती. स्वीडनमधील उप्साला येथील डॉक्टर तर मुलांना शस्त्रक्रियागृहातून बोलावणे येईपर्यंत पाणी पिऊ देत. २०१५ साली त्यांनी आपला अनुभव मांडला: १०,०१५ भुलींमध्ये तीनदाच जठरातील द्रव फुप्फुसात गेला, आणि त्या तिघांपैकी कोणालाही अतिदक्षता विभागात ठेवावे लागले नाही.

आज बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा नियम मास्तरकीच्या सवयीने मी तीन आकड्यांत पाठ केला आहे: सहा, चार, दोन. घन अन्न व वरचे दूध यांसाठी भूल देण्यापूर्वी सहा तास. आईच्या अंगावरच्या दुधासाठी चार तास. आणि पाण्यासारख्या स्वच्छ पातळ पेयासाठी दोन तास. तळलेले, तुपकट जेवण असेल तर आठ तास किंवा त्याहूनही अधिक. युरोपातील मुलांच्या भूलतज्ज्ञांनी २०१८ पासून पाण्याची मर्यादा आणखी खाली आणून एक तासावर ठेवली आहे, आणि युरोपच्या २०२२ च्या नियमांत आईच्या दुधासाठी तीन तास सांगितले आहेत. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली या विषयावर मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. एक तास की दोन तास हे आपण ठरवावयाचे नाही. ते आपल्या मुलाला भूल देणारे डॉक्टर ठरवतील. आपण ठरवावयाचे ते एवढेच, की त्यांना विचारल्यावाचून राहावयाचे नाही.

येथे माझ्या मायबहिणींसाठी दोन शब्द अधिक सांगतो. आपल्या घरांत उपवास दोन प्रकारचा. एकादशीला फराळ चालतो. हरताळिकेचा उपवास निर्जळी करतात. शस्त्रक्रियेचा उपवास या दोहोंपैकी कोणताच नव्हे. येथे फराळ पूर्ण बंद आणि पाणी चालू, अर्थात ठरलेल्या वेळेपर्यंत. स्वतः निर्जळी राहणाऱ्या आईला वाटते, "मी दिवसभर राहते, लेकराला एक सकाळ काय जड?" बाई, तुमचा देह वाढलेला आहे, त्याचा वाढावयाचा आहे. शिवाय येथे अधिक तास उपाशी ठेवल्याने अधिक पुण्य लागत नाही.

दुधाचे काय, हा प्रश्न मला अनेकींनी विचारला. दूध पातळ दिसते, मग ते पाण्यासारखे का नाही? शाळेत मी एक प्रयोग करून दाखवीत असे. वाटीभर दुधात लिंबू पिळा; क्षणात ते फाटून गोळे होतात. जठरातही आम्ल आहे. तेथे गेलेले गाईम्हशीचे दूध असेच फाटून घट्ट होते, म्हणजे ते जठरात घन अन्नच झाले. आईच्या दुधाचे गोळे मऊ आणि बारीक होतात, ते लवकर पुढे जाते, म्हणून त्याची मर्यादा वेगळी. यास्तव "दोन घोट चहा" हे वाक्य विसरा; चहात दूध आहे. ताकही नको, पेजही नको. आपल्याकडे उसाचा रस मुबलक; पण तो कितीही गाळला तरी गढूळच. एक साधी परीक्षा सांगतो: पेला वर्तमानपत्रावर धरा, पेयातून आरपार अक्षरे वाचता आली तर ते स्वच्छ पेय, नाही तर नव्हे. साधे पाणी, साखरेचे पाणी यांत बसते. तरीही काय द्यावे ते डॉक्टरांकडून वदवून घ्या, आणि प्रमाणात द्या. तांब्याभर एकदम पाजू नका. एक तासाचा नियम पाळणारे डॉक्टर किलोमागे सुमारे ३ मिलिलिटर सांगतात. म्हणजे चौदा किलोंच्या मुलाला सुमारे ४२, चार-पाच लहान घोट.

काही मुलांना हे साधे नियम लागू पडत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. आतड्याला पीळ पडलेला असेल, उलट्या होत असतील, मधुमेह असेल, अन्ननलिकेचा विकार असेल, तर डॉक्टर वेगळे सांगतील. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडावरून पडून हात मोडलेला मुलगा तर विशेष. दुखण्याने आणि भयाने जठराचे काम मंदावते. दुपारी जेवून पडलेल्या मुलाच्या पोटात रात्रीही ते अन्न असू शकते. अशा वेळी जेवणाची वेळ आणि पडण्याची वेळ, दोन्ही सांगा. आणि वाटेत "चक्कर येऊ नये" म्हणून काही पाजू नका.

आता मी जे मागावयास आलो आहे ते मागतो. आपल्या ज्ञातीतील कुटुंबे सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज अशी पसरलेली आहेत. कोणाच्याही मुलाची शस्त्रक्रिया ठरली म्हणजे नातेवाईक जमतात, डबे येतात, भडंगाची पिशवी येते, देवळातला प्रसाद येतो. हे प्रेम आपले वैभव आहे. ते आटू नये. पण त्या रात्री मुलाच्या खोलीत डबा उघडू नये. अंगारा कपाळाला लावावा, जिभेला नको. प्रसाद देव्हाऱ्यात ठेवावा. मूल बरे झाल्यावर तो अधिक गोड लागेल.

भूलतज्ज्ञांना चार प्रश्न विचारावेत. जेवण व वरचे दूध कोणत्या वाजेपर्यंत? अंगावरचे दूध कोणत्या वाजेपर्यंत? पाणी कोणत्या वाजेपर्यंत? आणि उशीर झाला तर पुन्हा पाणी द्यावे काय, हे कोणाला विचारावे? उत्तरे 'रात्री', 'सकाळी' अशी नकोत, घड्याळाच्या आकड्यांत लिहून घ्यावीत, आणि तो कागद घरातल्या दोघांनी पूर्ण वाचावा. एकाने पूर्ण वाचला नाही तर काय होते, ते मी सांगितलेच आहे. शेवटचे पाणी घड्याळाचा गजर लावून, मुलाला उठवून द्यावे. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की, हे चार प्रश्न आणि त्यांपुढे मोकळ्या जागा, असा एक छोटा कागद छापून मंडळाच्या प्रत्येक कुटुंबात द्यावा. छपाईचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून आनंदाने देईन.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. मुलाच्या पोटात काही गेले असेल, चुकून गेले असेल, मायेने दिले असेल, भावंडाने भरविले असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया पुढे जाईल, एक फेरी वाया जाईल, डॉक्टर रागावतीलही. ते सोसा. माझ्या आजीने पेढा दिला ही तिची चूक होती; पण ती लपविली, आणि मी नऊ वर्षांचा असून सर्व पाहून गप्प राहिलो, त्यामुळे डॉक्टरांच्या हातात सावध होण्याची संधीच राहिली नाही. घरातील मुलांना आणि सुनांना बोलू द्या. १९६८ साली एका मुलाला गप्प बसविले आणि २०२३ साली एका सुनेला. दोन्ही वेळा खरे काय ते त्या गप्प बसलेल्यालाच माहीत होते.

माझा नातू आता शाळेत जातो. परवा त्याला पाणी देताना मी विचारले, "दवाखान्यातले आठवते का रे?" तो म्हणाला, "हो. तुम्ही पाणी दिले नव्हते." मुले विसरत नाहीत. पुढच्या संमेलनापर्यंत आपल्यापैकी कोणा ना कोणाच्या घरी असा प्रसंग येईलच. त्या सकाळी आपल्या घरातील पोराला वेळेवर पाणी मिळाले, तर या म्हाताऱ्याच्या बोलण्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.